तुम्ही विचारलंत म्हणून : इंजिनच्या कव्हरची चमक

जुनी येझदी मोटरसायकल घेऊन बाहेर पडलो की पेट्रोल पंपावर, सिग्नलला एक प्रश्न हमखास येतो : “इंजिनची कव्हरं क्रोम केलीत का? आणि बफिंग असेल तर कुठून करून घेतलंत?” बफिंग म्हणजे फिरत्या चाकावर घोटून धातूला चमक आणणे. तिथे उभ्या उभ्या पुरे उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे लिहितो आहे.

क्रोम केलेले नाही. ते मूळचे ॲल्युमिनियमच आहे. क्रोमची झाक किंचित निळसर असते आणि घोटलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी, मऊ. शेजारच्या क्रोमच्या सायलेन्सरकडे पाहिले की हा फरक लगेच ध्यानात येतो.

बफिंग करून देणारे चांगले कारागीर नाशिकमध्ये सातपूर आणि अंबडच्या बाजूला आहेत. मात्र बफिंगला जाण्याआधी कव्हर कोणत्या अवस्थेत आहे, यावर जवळजवळ सगळे अवलंबून असते. चमक खरी तयार होते ती पॉलिश पेपरवर. खोल ओरखडे तसेच ठेवून कव्हर चाकाला लावले, तर ओरखडेही चकाकतात. आणि ते घालवण्यासाठी चाकावर जोर दिला, तर कडा गोल होतात, उठावाची अक्षरे बुजतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. तेवढी धातू गेली की परत येत नाही. जुन्या येझदीचे म्हैसूरच्या कारखान्यातील उत्पादन १९९६ मध्ये थांबलेले असल्यामुळे मूळ कव्हर जपणे मला चमकेपेक्षाही मोलाचे वाटते.

कव्हर उतरवून रॉकेलने ग्रीस धुवावे आणि जुने लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, असेल तर ते पेंट रिमूव्हरने काढावे. कॉस्टिक सोडा मात्र अजिबात वापरू नये, कारण तो मळाबरोबर ॲल्युमिनियमही खातो. त्यानंतर पाण्यात भिजवलेला ३२० नंबरचा पेपर, पुढे ४००, ६००, ८०० आणि शेवटी १२००. प्रत्येक नंबरला हाताची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा नव्या रेघांना आडव्या येतात आणि राहिलेल्या रेघा चटकन दिसतात. ओल्या कव्हरवर सगळेच गुळगुळीत भासते. म्हणून ते पुसून, कोरडे करून सकाळच्या तिरप्या उन्हात धरावे. करड्या, एकसारख्या पृष्ठभागावर एखादी जरी जुनी आडवी रेघ चमकली, तरी पुढचा नंबर हातात घेऊ नये. जुन्या येझदीला किक आणि गिअर डाव्या बाजूच्या एकाच दांड्यावर असल्याने त्या बाजूचे कव्हर बुटाने घासून घासून सर्वांत जास्त खराब झालेले असते, आणि माझा बहुतेक वेळ तिथेच जातो. फार खोल खड्डे मी राहू देतो, कारण ते पुरते घालवायचे तर कव्हर पातळ करावे लागते.

इतके झाले की चाकाचे काम थोडेच उरते : आधी घायपाताच्या चाकावर पॉलिशची तपकिरी वडी, मग मऊ सुती चाकावर पांढरी. दोन्ही वड्यांची चाके वेगळी ठेवावीत. सांधा बंद करणारे गॅस्केट जिथे बसते ती कड चाकापासून दूर ठेवावी आणि शेवटी गरम साबणाच्या पाण्याने आतली छिद्रे व आटे धुऊन काढावेत. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो : मास्क आणि चष्मा घालाच, आणि ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता त्यावर ॲल्युमिनियम घासू नका. साचलेल्या बारीक ॲल्युमिनियमच्या भुकटीवर लोखंडाची ठिणगी पडली, तर ती भुकटी भडकू शकते.

यानंतर पुढचा प्रश्न येतो तो वरून लॅकर मारण्याचा. मी मारत नाही. लॅकरचा एखादा टवका उडाला की पाणी आत शिरते, खाली पांढऱ्या रेघा पसरत जातात, आणि मग सगळा थर काढून पुन्हा पेपरपासून सुरुवात करावी लागते. उघडे ॲल्युमिनियम हळूहळू मंदावते, पण हाताने पॉलिश लावले की पुन्हा उजळते. वर मेणाचा पातळ हात दिला की बराच काळ निभावते. पावसाळ्यात त्र्यंबककडे जाऊन आल्यावर चिखल त्याच दिवशी धुवावा, कव्हरे कोरडी करावीत आणि ओल्या गाडीवर ताडपत्री टाकू नये. आत कोंडलेल्या दमटपणाने कव्हरे पांढरी पडतात.