लक्ष्मी तलावाच्या काठानं, थंडीतली निवांत पायपीट

राधानगरी धरणामागचं पाणी म्हणजे लक्ष्मी तलाव. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या या धरणाचे स्वयंचलित दरवाजे बघायला पावसाळ्यात कोल्हापूर लोटतं. चालायला जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. जळवा संपलेल्या असतात आणि वाटाही निसरड्या राहत नाहीत.

हा भाग १९५८ पासून अभयारण्य, मूळचं गव्यांसाठीच. त्यामुळं दाजीपूरच्या गेटवर नोंद करून, फी भरून, गाईड घेऊनच आत जायचं. कुठल्या वाटा खुल्या आहेत ते तिथंच विचारा.

पहाटेच पाण्याला भिडायची हौस आवरा. सकाळी आणि संध्याकाळी गवे पाण्यावर उतरतात, शिवाय दवानं मोजे नऊपर्यंत भिजत राहतात आणि मग दिवसभर फोड. साडेआठ-नऊला चालायला सुरुवात करून साडेचारला काठ सोडला की झालं. आठ-दहा किलोमीटर पुष्कळ. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या कुशीत उजेड त्याआधीच जातो.

काठाचं गणित पाण्याच्या पातळीवर. डिसेंबरात तलाव बराच भरलेला असतो, तेव्हा झाडीतली वरची वाट धरावी. शेतीला पाणी सुटेल तसा काठ उघडा पडतो आणि खरी फसगत तिथं होते: वर भेगाळलेला पापुद्रा, खाली घोट्याच्या वरपर्यंत गाळ. पुढं काठी टोचून बघा. सहज आत गेली तर मागं फिरा. गुरांचे किंवा गव्यांचे खोल खूर दिसले तरी तेच. जिथं जांभा दगड उघडा आहे तिथून बिनधास्त चाला.

ताजं, ओलसर शेण आणि कडा न ढासळलेले खूर दिसले की बोलणं बंद. कळप आणि पाणी यांच्या मधे उभं राहू नये. कळपापेक्षा एकट्या नराला जास्त जपावं. तो डोकं खाली घालून फुरफुरला तर पळू नका, तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू जाड झाडाच्या आडोशाला सरका.

हाफ पँट नकोच. वाळल्या गवताची कुसळं मोज्यात शिरतात आणि चालता चालता आत आत रुततात. गोचीडही याच दिवसांत चिकटतात. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घालून तिच्यावर मोजे ओढा, आणि परतल्यावर गुडघ्यामागं, कमरेला तपासा.

थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक अर्ध्या लिटरवर निघतात आणि दुपारी डोकं धरून बसतात. माणशी दोन लिटर, स्टीलच्या बाटलीतून. सोबत भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दही डब्यात सांडतं; नकोच. संत्र्याच्या सालीसुद्धा परत आणा.

परतीचा धोका जंगलात नाही, रस्त्यावर आहे. कारखान्यांचा हंगाम सुरू असतो. अंधारात मागं दिवा नसलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते. म्हणून उजेड असेपर्यंत राधानगरी सोडा, चहा पुढं कुठंही मिळतो.