डोळे मिटलेले, कान उघडे

महापालिकेच्या हॉस्पिटलात आयसीयूला सिस्टर आहे मी, पावसाळ्यातली केस सांगते. मुंबईच्या आरेतल्या एका पाड्यावरची मावशी, पहाटे पोटात दुखायला लागलं म्हणून आणलेली, नवरा म्हणत होता गॅस झालाय. पण थुंकी गिळवेना, बोलणं जड, आणि वर बघा म्हटलं की कपाळाला आठ्या पडायच्या पण पापण्या अर्ध्यावरच. रेसिडेंट डॉक्टरांनी विचारलं, रात्री जमिनीवर झोपता का? हो म्हणाला. मण्यार सापच चावला असणार. दाताची खूण काही सापडली नाही, याचं असंच असतं, सूज नाही दुखणं नाही, झोपेत डास चावला समजून माणूस कूस बदलतो.

रक्त काचेच्या ट्यूबमध्ये २० मिनिटं ठेवलं, व्यवस्थित गोठलं, म्हणजे रक्त गोठू न देणारी घोणस नाही. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, १० व्हायल चढवल्या. स्नायूंना पुन्हा चालना देणारं निओस्टिग्मिनही देऊन बघितलं, फरक शून्य. नागाच्या चाव्याला ते बऱ्याचदा लागू पडतं कारण त्याचं विष स्नायूवरचे रिसेप्टर, म्हणजे नसेचा निरोप घेणाऱ्या जागा, अडवून बसतं, मण्यारचं मात्र नसेचं टोकच निकामी करतं, निरोप नेणारं रसायन, ॲसिटिलकोलीन, सुटतच नाही, मेंदूने कितीही सांगितलं तरी स्नायूला पत्ताच नाही. रक्तात फिरणारं विष एएसव्ही पकडेल हो, पण नसेत झालेलं नुकसान कसं भरून काढणार? ती टोकं परत तयार होईपर्यंत श्वास मशीनने द्यायचा, बस.

दुपारपर्यंत व्हेंटिलेटर. हातपाय लुळे, बाहुल्या मोठ्या झालेल्या, टॉर्च मारला तरी हलत नाहीत. बघणाऱ्याला वाटणार संपलं सगळं. नवरा हळूच म्हणाला, सिस्टर, खरं सांगा, नुसतं मशीन चालू ठेवलंय का? आणि दीर तर बेडशेजारी उभा राहून पोरींना गावी कोण नेणार याचा हिशोब मांडत होता. माझं डोकंच फिरलं. विष मेंदूपर्यंत जात नाही हो, ती आत जागी असते, म्हणून तर झोपेचं औषध पण चालू ठेवतो आपण. म्हटलं दादा इकडे या, आणि मावशीच्या कानाशी बोलले, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा. हलला. जेमतेम, पण हलला. नवरा खालीच बसला.

मग तो रोज येऊन बोलायचा, म्हैस, रेशन, पोरींची शाळा, काय वाट्टेल ते.

आधी पापण्या उघडल्या, मग मान, काही दिवसांनी ट्यूब निघाली. डॉक्टर नवऱ्याला खाट घ्या, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, साप पण आत येत नाही असं समजावत होते, तेवढ्यात मावशी बसक्या आवाजात म्हणाली, "पोरी कुठं जायच्या नाहीत."

दीर चहा आणायला गेला.