तेनालीचे कविराजू

रामनवमीला आमच्या गावात कीर्तन, पाळणा, सुंठवडा सगळं असतं. पण उत्तरकांडातला शंबूक कुठल्याही बुवांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. शूद्र असून तप करतो म्हणून रामाच्या हातून मारला गेलेला शंबूक. त्याची बाजू घेऊन त्रिपुरनेनी रामस्वामी चौधरींनी १९२० साली तेलुगूत नाटक लिहिलं, ‘शंबूकवध’. रत्नागिरीच्या एका तेलुगू स्नेह्यांनी मला ते तोंडी मराठी करत ऐकवलं, तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही.

कृष्णा जिल्ह्यातल्या अंगलूरच्या शेतकरी घरात १८८७ चा जन्म. डब्लिनला कायदा शिकून आले आणि तेनालीत वकिली केली. तिथले नगराध्यक्ष असताना गंगम्माच्या जत्रेतला पशुबळी त्यांनी बंद केला. ज्या गावाची मतं हवीत तिथेच हे करायचं! आमच्याकडे राखणीच्या कोंबड्याबद्दल ग्रामसभेत कुणी ब्र काढत नाही.

पुराणांची त्यांनी झाडाझडती घेतली ती ‘सूतपुराणा’त, तीही पद्यात. पंडित खवळले, पण अडाणी म्हणून त्यांना झटकता येईना. छंद आणि शास्त्र दोन्हींवर त्यांची पकड पंडितांच्याच तोडीची होती. लोकांनी त्यांना ‘कविराजू’ म्हटलं ते उगाच नाही. सगळा इतिहास आर्य विरुद्ध द्रविड असा मांडण्याची त्यांची रीत मात्र मला पटत नाही. माणसं इतकी सरळ दोन गटांत बसत नाहीत.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं ‘विवाहविधी’. लग्न लागताना वधूवरांना आपण काय वचन देतोय ते कळावं, म्हणून त्यांनी विधी तेलुगूत रचला आणि स्वतः लग्नं लावली. फुल्यांनी त्याआधी मराठी मंगलाष्टकं लिहून ठेवली होती, तरी आमच्या मांडवात ती ऐकू येत नाहीत.

पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा मी हे घरात काढलं. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, पोरीला सासरी नांदायचंय. नसते वाद नकोत.” पुतणी म्हणाली, “काका, सप्तपदी तरी मराठीत होऊ दे.” भटजी तयार झाले. एकेक पाऊल पडताना त्यांनी अर्थ मोठ्याने सांगितला. पाचव्या पावलाला मुलंबाळं मागतात हे ऐकून नवरीने तिथेच विचारलं, “आणि नको असतील तर?” मांडवात कुजबुज झाली, नवरदेव मात्र म्हणाला, “ते आपण दोघं ठरवू.” मग सहावं पाऊल पडलं.

‘विवाहविधी’ मराठीत यायला हवं. तेलुगू चांगलं येणारं कुणी हे वाचत असेल तर कळवा, छपाईचा खर्च मी करीन.