आमच्या हिचं रक्त जास्त झालंय

आधी कबूल करून टाकतो. दोन वर्षांपूर्वी मी सलग महिनाभर हिला रोज सकाळी बीट, गाजर आणि डाळिंबाचा ज्यूस पाजलाय, स्वतः मिक्सर लावून, गाळून, वर लिंबू पिळून. कारण ही दमायची, डोकं जड झालंय म्हणायची, दुपारी पेपर वाचता वाचता खुर्चीतच डोळे मिटायची, आणि आपल्याकडे बाई दमली की एकच ठरलेलं असतं, रक्त कमी असेल. मावशीनं खजूर पाठवले, शेजारच्या भाभींनी लोखंडी कढईत भाजी करायला सांगितलं. आणि गंमत बघा, हिचे गाल तेव्हा लालबुंद, तळहात लाल, इथे इंदूरला रामबागेत हळदीकुंकवाला सगळ्या म्हणायच्या, रिटायर झाल्यावर काय तेज आलंय हो तुम्हाला!

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सीबीसी, म्हणजे रक्ताची नेहमीची तपासणी, केली तर हिमोग्लोबिन १८.६, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ५७. बँकेत जन्म गेला माझा, मला वाटलं एंट्री चुकली, १३.६ असणार. लॅबवाला पण म्हणाला, एक बार और दे दो अंकल. परत दिलं, १८.४. ज्यूसचं भांडं मी त्या दिवशी गुपचूप माळ्यावर टाकलं.

पुढे रक्ताचे डॉक्टर, सोनोग्राफी, त्यात प्लीहा वाढलेली, एक सॅम्पल मुंबईला गेलं, शेवटी नाव कळलं, पॉलिसायथेमिया व्हेरा. हाडांतल्या मज्जेतच रक्त बनतं ना, तिथल्या पेशींमध्ये जॅक-टू नावाच्या जीनमध्ये एक बारीकसा बिघाड होतो, आणि मग शरीरानं ऑर्डर दिलेली नसताना मज्जा लाल पेशी बनवतच सुटते. शंभरातल्या साधारण ९५ पेशंटना हाच बिघाड निघतो. बिघाड जन्मापासूनचा नसतो, नंतर होतो, म्हणून मुलाला सहसा काही नाही, हे ऐकल्यावर ही जरा सैल बसली. पण याची गणना सावकाश चालणाऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये होते, हे पण डॉक्टरांनी त्याच दमात सांगितलं. बाहेर येऊन गाडी काढेपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही, मग ही म्हणाली, "आईंना नुसतं रक्त घट्ट आहे एवढंच सांगायचं." आई ८८ वर्षांच्या. तेवढंच सांगितलंय अजून.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते आंघोळीचं. निदान व्हायच्या आधीचं वर्षभर हिला आंघोळ झाली की अंगाला खाज सुटायची, खाज म्हणजे पुरळ नाही, गांधी नाहीत, कातडीवर काही म्हणजे काही दिसायचं नाही, आणि ही म्हणायची सुया टोचताहेत. मी आधी साबणाला नावं ठेवली, मग बोरिंगच्या पाण्याला, नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो तर त्या पाण्याच्या बादल्या आंघोळीसाठी वेगळ्या भरून ठेवल्या, मग एकदा वैतागून म्हणालो की सगळं मनाचं आहे. त्यानंतर हिनं सांगणंच बंद केलं. नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून कढत पाण्यानं अभ्यंगस्नान झालं आणि ही अर्धा तास बाथरूममधून बाहेर येईना, बाहेर मुलगा फुलबाज्या घेऊन उभा, मी दार वाजवतोय, अगं फराळ थांबलाय. आत ही ओल्या अंगानं भिंतीला टेकून रडत उभी होती, हे मला तिनं सांगितलं ते पुढच्या दिवाळीत. या आजारात पाणी लागलं की खाज सुटते, पुष्कळ पेशंटना होतं, पुस्तकातलं लक्षण आहे. आता कोमट पाणी, टॉवेलनं पुसायचं नाही नुसतं टिपायचं, लगेच खोबरेल. कमी झालीय, गेली नाही.

उपचारातली मुख्य गोष्ट ऐकून लोक हसतात. रक्त काढून टाकायचं. ब्लड बँकेत, डोनर झोपतात त्याच खुर्चीवर, ३५० एमएलची तीच पिशवी. पहिल्या वेळी रक्त इतकं घट्ट की धार निघेना, टेक्निशियन म्हणाला, मॅडम पानी खूब पीके आया करो. शेजारच्या खुर्चीवर कॉलेजचा पोरगा रक्तदान करत होता, त्याला फ्रूटी, बिस्किट, सर्टिफिकेट, टाळ्या. हिला पण बिस्किट मिळालं, पण पिशवीवर मार्करनं मोठी फुली, ती कुणाला चढवत नाहीत, कचऱ्यात जाते. ही जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, पोरांना रक्तदानावर निबंध लिहायला लावलेली, त्या फुलीकडे बघत राहिली. मी काहीतरी विनोद करायला गेलो, फसला.

सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्याला, आता तीन-चार महिन्यांत एखाद्या वेळी. शिवाय रोज ७५ची ॲस्पिरिन, आणि वय साठच्या वर म्हणून हायड्रॉक्सीयुरिया, मज्जेला आवर घालणारं केमोचं औषध. ही कॅप्सूल घरातल्या इतरांनी उघड्या हातानं धरायची नाही, फोडायची तर नाहीच, म्हणून मी स्ट्रिपमधून सरळ छोट्या वाटीत पाडतो आणि वाटी वेगळी ठेवलीय, आमच्या कामवाल्या मावशींना वाटतं बाईंची काही पूजेबिजेची आहे.

लक्ष्य एकच, हिमॅटोक्रिट ४५च्या खाली. हा आकडा कुठून आला म्हणून मी शोधत बसलो, तर २०१३ साली इटलीतल्या डॉक्टरांनी ३६५ पेशंटवर केलेला अभ्यास सापडला, ४५च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा ४५ ते ५० मध्ये ठेवलेल्यांना गुठळी होऊन किंवा हृदयविकारानं जाण्याचा किंवा मोठी गुठळी होण्याचा धोका जवळजवळ चौपट. हे वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. रजिस्टर केलं, लाल पेनानं कॉलम आखले, पाण्याचे ग्लास मोजायला लागलो, पुण्याच्या स्लीपर बसमध्ये रात्री दोन वाजता उठवून पाय हलव म्हणायला लागलो.

आणि रक्त काढून काढून लोह संपतं, त्यामुळे ही पुन्हा दमते! पण लोहाची गोळी द्यायची नाही, मज्जेला आयताच माल मिळतो. जेवणात पालक-बीट खाऊ दे, टॉनिक नको, असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं. म्हणजे बायको समोर दमून बसलीय आणि मला काही म्हणजे काही करायचं नाहीये. आमच्यासारख्या माणसाला हे फार अवघड जातं हो, भाजी आणणं सोपं.

भांडण झालं ते फेब्रुवारीत. रिपोर्ट ४६.२ आला आणि मी दारातच विचारलं, काल पाणी किती प्यायलीस? ही चपला काढत होती. म्हणाली, "मी घरी आलेय, ४६.२ आलेलं नाही." आणि रजिस्टर घेऊन आत गेली. दोन दिवस घरात फक्त कुकरची शिट्टी बोलत होती.

रजिस्टर तेव्हापासून हिच्याकडे, साड्यांच्या कपाटात. रिपोर्ट मोबाईलवर पण हिच्याच नंबरला येतो. परवा ब्लड टेस्ट झाली, संध्याकाळी मी दोनदा चष्मा पुसला, तीनदा खाकरलो, शेवटी विचारलंच, किती आलं गं? तर म्हणाली, अहो थंडी पडलीय, आधी सराफ्यातून गराडू आणा, ते तळलेले कंद हो, वर जीरावन मसाला जास्त टाकायला सांगा.

आणले. दोघांनी खाल्ले. आकडा अजून सांगितलेला नाही, पण दुसरी प्लेट मागितली म्हणजे बरा असावा.