अण्णांची ठासणीची बंदूक माझ्या नावावर करताना

बंदुकीचा परवाना माझ्या नावावर झाल्यापासून गावात जो तो विचारतो, ‘हरणाला कुठली गोळी लागते?’ कुठलीच नाही. आमच्या बालाघाटाच्या पट्ट्यात कळपानं येतं ते काळवीट. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्यानं कोवळ्या तुरीचे शेंडे खुडून रान बोडकं केलं तरी त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. मारलं तर 3 ते 7 वर्षं कैद.

पण परवान्याला सगळ्यात जास्त अडवलं ते याच मुद्द्यावर. माझ्या वडिलांनी, अण्णांनी सत्तरी ओलांडली. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे अशा वेळी बंदूक वारसाच्या नावावर करता येते. अर्ज, भावांची संमती, ठाण्यातला जबाब, सगळं रीतसर झालं. पुढे फाईल परवाना कार्यालयातल्या एका टेबलावर गेली आणि तिथंच बसली. कधी साहेब मीटिंगला, कधी अहवाल आलेला नाही, कधी आला पण त्यावर सही नाही. सोयाबीनची काढणी तोंडावर असताना मी बाकड्यावर बसून राहायचो. शेवटी तिथले बाबू म्हणाले, "हरणं मारता येत नाहीत, मग पीक संरक्षणाला बंदूक कशाला?"

मला राग आला, अजूनही येतो. रात्री शेतात जागलीला बसलेल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. ठासणीची बंदूक नळीच्या तोंडातून भरतात. छर्रे न घालता नुसती दारू भरायची, वर चिंध्यांचा बोळा गजानं ठासायचा, दारू पेटवणारी टोपी चढवायची आणि चाप ओढायचा. आवाजानंच कळप उधळतो. शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि पीक राखायला जनावर मारलंच पाहिजे असं त्यात कुठंही नाही. हे मी लेखी दिलं. सोबत सातबारा आणि वनरक्षक, तलाठी, कृषी सहायकांनी केलेल्या नुकसानीच्या पंचनाम्यांच्या प्रती लावल्या. पोलिसांचा अहवाल मुदतीत आला नाही तरी त्यावाचून निर्णय घेता येतो, हेही त्याच कलमात आहे, तेही लिहिलं. अर्जाची पोच घेतली. त्यानंतर फाईल हलली. म्हणून सांगतो, नुकसान झालं की लगेच वनखात्याला कळवा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या, भरपाई कितीही तुटपुंजी असो. माझा परवाना त्या प्रतींनीच सोडवला.

पुतण्या म्हणत होता, ‘काका, पॉइंट टू टू रायफल घ्या, गोळी स्वस्त.’ मी नाही म्हटलं. पीक संरक्षणाचा परवाना ठासणीच्या बंदुकीला मिळतो. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच आटे, म्हणजे आतून पीळदार खाचा, नसलेल्या नळीची दुसरी बंदूक मिळते. रायफलच्या नळीला आटे असतात. शिवाय ती इवली गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आमची रानं सपाट, ज्वारीत बायका खुरपत असतात, बांधावर पोरं शेळ्या चारतात.

वारस परवान्यासाठी भावा-बहिणींची संमती आधीच नोटरी करून ठेवा, नंतर सगळ्यांना एका जागी आणणं अवघड जातं. परवाना 5 वर्षांचा असतो, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या बराच आधी टाका. आणि निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायला सांगितली तर पावतीवर बंदुकीचा नंबर नीट उतरवलाय का, ते तिथंच वाचून बघा.