चार घरची मशिनं, एकच इमेज

उदगीरकडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सगळी मशिनं एकसारखी असलेली लॅब मला अजून भेटायची आहे. कोपऱ्यात जुनी कोअर टू ड्युओ, मधल्या रांगेत सिकंदराबादच्या सीटीसी मार्केटातून आणलेली सेकंडहँड चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची, एखाददुसरं असेंबल्ड, आणि मालकाच्या हातात जरा पैसा आला तेव्हा घेतलेली बाराव्या पिढीची. अशा लॅबमध्ये विंडोजची एकच तयार प्रत, म्हणजे इमेज, सगळ्या मशिनांवर चढवायचं माझं काम. सध्या ज्यांचं काम चालू आहे त्या सरांची अट एवढीच, की लेकरू कुठल्याही खुर्चीवर बसलं तरी स्क्रीन तीच दिसावी अन् मराठी कीबोर्ड तोच चालावा.

आपल्याकडं सर्रास काय चालतं, तर एक मशीन नीट लावायचं आणि त्याची डिस्क क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल करायची. सारख्या मशिनांवर निभतं. पण बायोस या जुन्या पद्धतीनं सुरू होणाऱ्या मशीनची क्लोन निव्वळ यूईएफआय या नव्या पद्धतीवर चालणाऱ्या नव्या मशीनवर टाकली की बूटच होत नाही. नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान निघाली तर क्लोन करणारं क्लोनझिला सहसा दारातच अडवतं. आणि सगळ्या मशिनांचं नाव एकच असल्यामुळं नेटवर्कवरची भांडणं वेगळीच.

म्हणून मी डिस्कची नाही, फायलींची इमेज घेतो, म्हणजे विम: विंडोजच्या सगळ्या फायली बांधलेली एकच फाईल. व्हिस्टापासून विंडोजचं इन्स्टॉलेशनच विमवर चालतं. एक्सपीच्या काळात एचएएल (विंडोज आणि हार्डवेअरमधला थर) अन् डिस्क कंट्रोलर जुळवण्यातच जीव जायचा, ते बरंचसं तिथं संपलं. विमला पार्टिशनशी, म्हणजे डिस्कच्या वाटणीशी, घेणंदेणं नसतं. विंडोजचीच तीन टूलं पुरतात: डिस्कपार्टनं जुन्या मशीनवर एमबीआर अन् नव्यावर जीपीटी पद्धतीची वाटणी करायची, डिस्मनं विम उतरवायची आणि बीसीडीबूटनं त्या त्या मशीनच्या बूटफायली लिहायच्या. विंडोजच्या होम आणि प्रो या दोन्ही आवृत्त्या एकाच विममध्ये बसतात. सामायिक फायली एकदाच साठवल्या जातात, त्यामुळं आकार फारसा फुगत नाही. हे लागतंच, कारण विंडोज 8 पासून ब्रँडेड मशीनची लायसन्स-की त्याच्या मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच असते आणि होमच्या कीवर प्रो ॲक्टिव्हेट होत नाही.

मूळ विंडोज मी व्हर्च्युअलबॉक्समधल्या आभासी मशीनवर तयार करतो, म्हणजे कुठल्याच खऱ्या मशीनचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) चिकटत नाही. पहिल्या स्क्रीनवर कंट्रोल-शिफ्ट-एफ3 दाबलं की ऑडिट मोड, म्हणजे युजर बनवायच्या आधीच आत जाऊन मांडामांड करता येते. इथं नेट बंदच ठेवायचं. स्टोअरची ॲपं एका युजरपुरती अपडेट झाली की शेवटी सिसप्रेप, म्हणजे विंडोज दुसऱ्या मशिनांवर नेण्याजोगं करणारं टूल, अडून बसतं, आणि कारण शोधायला पँथर फोल्डरमधला लॉग चाळावा लागतो.

मंगल फॉन्टकडं मात्र लक्ष द्या. विंडोज 10 मध्ये तो देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या वेगळ्या पॅकेजमध्ये गेला. मराठी भाषा जोडली की नेटवरून आपोआप येतो. नेट नसेल तर येत नाही. अक्षरं निर्मला या दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतात, त्यामुळं कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि पॅसेज घेणाऱ्या लेकराचं पानाचं गणित बिघडतं. मी ते पॅकेज डिस्मनं आधीच विममध्ये घालतो. इन्स्टॉलेशनच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली एक उत्तरफाईल असते. तिच्यात कीबोर्ड इनपुट लोकेल या सेटिंगनं ठरतो, डेस्कटॉप कॉपीप्रोफाइलनं. मग आभासी मशीनचा स्नॅपशॉट (बिघडलं तर परत फिरायला), आणि जनरलाइज हा पर्याय लावून सिसप्रेप. मशीनचं नाव, एसआयडी (विंडोजचा ओळखक्रमांक), हार्डवेअरची ओळख सगळं पुसलं जातं. हार्डवेअरची ओळख तशीच ठेवणारं 'पर्सिस्ट ऑल डिव्हाइस इन्स्टॉल्स' चालू करू नका. ती सोय सारख्या मशिनांसाठी आहे.

आता ड्रायव्हर. मोठमोठे ड्रायव्हर पॅक इमेजमध्ये कोंबणारे लोक आहेत. माझं त्यांच्याशी जमत नाही. विम जड होते, आणि कुठल्या मशीननं त्यातला कुठला ड्रायव्हर उचलला हे हुडकत बसावं लागतं. मी दोनच जातीचे घालतो, डिस्कचे आणि नेटवर्कचे. डिस्क दिसली की विंडोज उठतं, नेटवर्क चाललं की साउंड-ग्राफिक्सचं ते बहुतेक आपलं आपण आणतं. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल मशिनांत व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळायची इंटेलची वेगळी सोय, चालू असतं, तिथं इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. त्याचा ड्रायव्हर बूट विम (इन्स्टॉलर उठवणारी) अन् इन्स्टॉल विम (मशीनवर उतरणारी), दोन्हीत घालावा लागतो. फक्त पहिलीत घातला तर इन्स्टॉल सुरळीत होतं आणि पहिल्याच बूटला निळा पडदा येतो: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस.

हे सगळं विंडोज 10 चं झालं, आणि त्याचा मोफत सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेटं, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ची एकच इमेज सगळ्यांवर चालणार नाही. त्याच्या 24एच2 या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही सूचना लागते, ती कोअर टू ड्युओमध्ये नाहीच, त्यामुळं ते बूटच होत नाही. चौथ्या पिढीवर खटपट करून चढतं, पण मायक्रोसॉफ्टच्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत ती मशिनं बसत नाहीत. बाराव्या पिढीसाठी वेगळी विम करायला घेतली आहे. जुन्यांचं सरांना विचारलं, तर म्हणले, "परीक्षा होऊ द्या, मग काढू." तोवर त्या मशिनांची नेटची वायर काढून ठेवली आहे. टायपिंगला नेट लागतं कुठं?