शॅम्पेनच्या टंचाईत मी दिलेली परीक्षा

एप्रिल 2022. युरोपातून मुंबईला येणारी रात्रीची फ्लाइट, आणि बिझनेस क्लासमधली पहिली फेरी माझ्याकडे. भरलेल्या ग्लासांचा ट्रे घेऊन तिसऱ्या रांगेत पोहोचले तेव्हा खिडकीजवळच्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "ही कुठली?" मी म्हणाले, "शॅम्पेन, सर." त्यांनी मेनूकार्ड उघडून त्यातल्या नावावर बोट ठेवलं आणि बाटली बघायला मागितली. मी गॅलीतून, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातून, आणून दिली. त्यांनी लेबल वाचलं, बाटली माझ्या हातात परत दिली आणि हळू आवाजात सांगितलं की ही कावा आहे, स्पेनची फेसाळती वाइन. चांगली असते, पण शॅम्पेन नव्हे.

ते रागावले नाहीत, ग्लासही परत केला नाही. त्यामुळे मला जास्त लागलं. मी लेबल वाचलंच नव्हतं. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये एवढंच सांगितलं होतं की कार्डावरची शॅम्पेन या वेळी चढलेली नाही, दुसरी बाटली आहे, कोणी विचारलंच तर सांगा. मेनूकार्डं आधीच छापून ठेवलेली असतात. माल ऐनवेळी बदलला की कार्डावर एक नाव राहतं आणि ट्रॉलीत दुसरीच बाटली येते. त्या महिन्यात माझ्या चार फ्लाइटवर तसंच झालं. एकदा तर परतीच्या प्रवासात लाल वाइनचा एकच प्रकार उरला होता. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण चुकीचं उत्तर मी स्वतः दिलं होतं.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, सावद्याजवळ. घरची केळी. घरात दारूचा थेंब कधी आला नाही, आजी एकादशी मोडत नाही. मी केबिन क्रूमध्ये गेले तेव्हा आईने एकच विचारलं होतं, "वाटावी लागते का?" हो म्हटल्यावर ती दोन दिवस बोलली नव्हती. कोविडमध्ये विमानं उभी राहिली तेव्हा मी वर्षभर घरीच होते. भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं 27 मार्च 2022 ला पुन्हा सुरू झाली. त्याच सुमारास मला बिझनेस क्लासमध्ये घेतलं. माणसं कमी होती, घाई होती. वाइनचं प्रशिक्षण एका दुपारीत उरकलं.

मे महिन्यात अठरा दिवसांची रजा मिळाली. ठरवलं की वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट या लंडनच्या संस्थेची लेव्हल 2 ची परीक्षा द्यायची. पन्नास प्रश्न, वस्तुनिष्ठ, एक तास, पास व्हायला 55 टक्के. या पातळीला चाखण्याची परीक्षा नसते आणि पेपर घरून कॅमेऱ्यासमोर देता येतो, म्हणून सावद्याजवळच्या खेड्यातूनही ती शक्य होती. कुणाला द्यायची असेल तर एक सांगते: आधी मान्यताप्राप्त केंद्राकडे नाव नोंदवावं लागतं, पुस्तक तेच पाठवतात, आणि रजेत उरकू म्हणून तारीख जवळची घेऊ नका. मी घेतली आणि शेवटचे चार दिवस झोप नव्हती.

पुस्तक उघडल्यावर आधी शॅम्पेनचं पान काढलं. टंचाई का आली हे मला अण्णांना, म्हणजे वडिलांना, समजावायचं होतं, कारण जेवताना ते रोज तेच विचारत. "येवढ्या मोठ्या कंपन्या, आन त्याईले माल भेटत नाही?"

शॅम्पेन हा फ्रान्सच्या ईशान्येकडचा एक ठराविक भाग. साधारण 34,000 हेक्टर बागा. मुख्य द्राक्षं तीन: शार्दोने, पिनो न्वार आणि मनिए. तोडणी हातानेच करायची. तिथे शेतकरी आणि शॅम्पेन बनवणारी मोठी घराणी मिळून दरवर्षी ठरवतात की हेक्टरी किती किलो द्राक्ष शॅम्पेनसाठी घ्यायचं. 2019 ला हा आकडा 10,200 किलो होता. 2020 मध्ये कोविडने हॉटेलं, लग्नं, विमानं सगळं थांबलं, तेव्हा त्यांनी तो 8,000 वर आणला.

अण्णांनी ताटावरच हिशोब केला. एकरी बत्तीस क्विंटल. आमच्याकडे एकरात दीडेक हजार झाडं, घड वीस किलोचा धरला तरी तीनशे क्विंटल. "आन बाकीचं?" बाकीचं वेलीवर सोडायचं, मी म्हणाले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कटाईला आलेला घड बागेत सोडायचा म्हणजे काय, हे त्यांना मला सांगायची गरज नव्हती. भाव पडलेल्या वर्षी आम्ही तोही दिवस पाहिला आहे.

पुढे 2021 च्या एप्रिलमध्ये शॅम्पेन भागात धुक्यासारखं पांढरं दव गोठलं, कोंब जळाले, आणि उन्हाळ्यातल्या पावसाने वेलींवर केवडा हा बुरशीचा रोग पसरला. हे ऐकून अण्णा लगेच म्हणाले, "म्हंजे आपला चरका." थंडीने केळीच्या सालीखाली होणाऱ्या नुकसानाला आमच्याकडे चरका म्हणतात. आणि नेमकं त्याच वर्षी लोकांनी घरी बसून शॅम्पेन उघडली. 2020 मध्ये सुमारे 24.4 कोटी बाटल्या गेल्या होत्या, 2021 मध्ये त्या 32 कोटींच्या वर गेल्या. वाईट वर्षासाठी बाजूला ठेवलेली जुनी वाइन त्यांच्याकडे असते, ती नसती तर अवस्था याहून वाईट असती.

पण खरी अडचण वेळेची आहे, आणि ती मला पुस्तकाने शिकवली. शॅम्पेनमधले बुडबुडे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून तयार होतात. साधी, वर्ष न छापलेली शॅम्पेनसुद्धा बाटलीत भरल्यापासून पंधरा महिने विकायला काढता येत नाही, त्यातले बारा महिने ती मेलेल्या यीस्टच्या गाळावर पडून असते. वर्ष छापलेली असेल तर तीन वर्षं. आमची मृगबाग जूनमध्ये लावली की अकरा-बारा महिन्यांत हाती येते. तिथे एवढ्या वेळात बाटली तळघरातून बाहेरही येत नाही. त्यात विमान कंपन्या किती प्रवासी येतील याचा अंदाज बांधून फार आधी मागणी नोंदवतात. विमानं उभी होती तेव्हा मागण्या थांबल्या, प्रवासी परतले तेव्हा माल दुसरीकडे गेलेला, कंटेनर मिळेना, काचेच्या बाटल्याही महागल्या. 2022 च्या अखेरीस मोएट हेनेसी या शॅम्पेन बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखांनीही आपल्या उत्तम शॅम्पेनचा साठा संपत चालल्याचं जाहीर सांगितलं.

अभ्यासाचा अवघड भाग वासाचा होता. परीक्षेत चाखायचं नसलं तरी कुठल्या वाइनला कशाचा वास, हे प्रश्न येतातच, आणि पाठ केलेले शब्द माझ्या डोक्यात टिकत नव्हते. घरात बाटली आणणं शक्यच नव्हतं. मग मी आईच्या स्वयंपाकघरात बसून वास घ्यायला लागले. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, ओले बदाम. भुसावळला बेकरीत जाऊन पाव भट्टीतून निघताना उभी राहिले, कारण गाळावर पडून राहिलेल्या शॅम्पेनला तोच वास येतो. ओकच्या पिपातल्या वाइनचा धुरकट वास मला पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, वांगी भाजताना सापडला. भरिताची वांगी आई स्वतः भाजते, गॅसवर भाजलेलं भरीत तिला चालत नाही. मी काडीजवळ नाक नेऊन वहीत लिहितेय हे पाहून तिने विचारलं, "याच्यात दारू कुठी आली?" मी समजावलं. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून दालचिनी, लवंग आणि जायफळ वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवलं आणि माझे डोळे ओढणीने बांधले. तीन दिवस ती माझी परीक्षा घेत होती.

आणि एका पानावर केळी सापडली. फ्रान्समधल्या बोजोले भागात गामे जातीची द्राक्षं न चिरडता, अख्खी, कार्बन डायऑक्साइडमध्ये आंबवतात. त्या वाइनला केळीचा वास येतो, कारण पिकलेल्या केळीतला आयसोअमाइल अॅसिटेट हा पदार्थ त्यातही तयार होतो. ती ओळ मी अण्णांना दोनदा वाचून दाखवली. ते उठून रायपनिंग चेंबरमधून आणलेली फणी घेऊन आले आणि माझ्या पुस्तकाशेजारी ठेवली. ही एक ओळ मी जन्मात विसरणार नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वावटळ आली. मेअखेरची ही वादळं आमच्याकडे केळी आडवी करतात. अण्णा बागेत, वीज गेलेली, मी कंदिलाच्या उजेडात ब्रूट म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर, हे घोकतेय. काकांच्या बागेतली ऐंशी झाडं पडली, आमची वाचली. सकाळी वीज आली नव्हती. इन्व्हर्टर दोन तास टिकेल असं भाऊ म्हणाला. मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप जोडला, पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरला, खोली फिरवून दाखवली. भिंतीवरच्या विठ्ठलाच्या कॅलेंडरवर काही लिहिलंय का, हेही जवळ नेऊन दाखवावं लागलं. पेपर बेचाळीस मिनिटांत झाला. उरलेल्या वेळात एकाच प्रश्नाचं उत्तर बदललं, आणि आधीचंच बरोबर होतं.

काही आठवड्यांनी निकाल आला. 82 टक्के, मेरिटसह पास.

रजा संपायच्या आदल्या रात्री मी अण्णांना ती एप्रिलची गोष्ट सांगितली, तोपर्यंत घरात कुणाला सांगितली नव्हती. ते म्हणाले, "माल नाही तं नाही म्हना. पन दुसऱ्याच्या मालाले त्याचं नाव नका देऊ, बाई." त्यांना हे मनापासून लागतं, त्याला कारण आहे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या केळीला लावता येतं. 2021 च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची 22 टन केळी त्या नावाने दुबईला गेली, तेव्हा अण्णा पाहायला गेले होते. शॅम्पेनचंही तेच आहे. नाशिकजवळ दिंडोरीला मोएट हेनेसीच शांदों नावाची वाइन त्याच पद्धतीने, बाटलीत आंबवून करते, पण तिला शॅम्पेन म्हणत नाही. बनवणारे तेच असूनही. मग मी कावाला शॅम्पेन कसं म्हणाले?

जूनमध्ये ड्यूटीवर रुजू झाले. पहिल्याच लांबच्या फ्लाइटवर शॅम्पेन पुन्हा नव्हती, ल्वारची क्रेमां होती. उड्डाणाआधी मी बार उघडून सगळी लेबलं वाचली आणि पर्सरना, म्हणजे आमच्या क्रूच्या प्रमुखांना, विचारलं, की पहिल्या फेरीत मी स्वतःहून सांगितलं तर चालेल का. त्या क्षणभर थांबल्या, मग हो म्हणाल्या. वर हवेचा दाब कमी असतो, बूच जास्त जोराने निघतं, म्हणून रुमाल घट्ट धरून, बूच न फिरवता बाटली फिरवून उघडली. प्रत्येक सीटपाशी बाटली पुढे धरून सांगितलं: कार्डावरची शॅम्पेन आज नाही. ही फ्रान्समधल्याच ल्वार खोऱ्यातली आहे, शॅम्पेनच्याच पद्धतीने बाटलीत आंबवलेली, सफरचंदाचा वास आहे, केबिनच्या कोरड्या हवेत जीभ थोडी मंदावते तरी ही जाणवेल.

अठ्ठावीसपैकी दोघांनी नको म्हटलं. एका बाईंनी पाणी घेतलं आणि तक्रारीचा फॉर्म मागितला. तो मी दिला, भरायला पेनही दिलं, कारण पैसे त्यांनी कार्डावरच्या नावाचेच मोजले होते. बाकीच्यांनी ग्लास घेतले.

उतरल्यावर घरी फोन केला. अण्णा बागेत होते, मागे पंपाचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या बाईनं काय लिव्हलं फारमावर?"

"मेनूकार्ड बदला म्हणून लिहिलंय," मी म्हणाले.

"बराबर लिव्हलं," ते म्हणाले.